छोट्या प्रवाळ-टाकीत पाणी किती खेळते असावे?

म्युनिकमधल्या आमच्या घरी गेली तीन वर्षे एक छोटी समुद्री टाकी आहे, ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ उंच. तिच्यात ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनफिशची जोडी, थोडे मऊ प्रवाळ आणि एक टॉर्च कोरल असा संसार आहे. मीठ किती, तापमान किती, दिवा किती तास, या प्रश्नांची उत्तरे पहिल्या महिन्यातच मिळाली. पाणी किती जोराने फिरवायचे, याचे उत्तर मिळायला मात्र जवळजवळ वर्ष गेले, आणि त्या वर्षात टॉर्च कोरलला जे सोसावे लागले ते इतरांच्या टाकीत टळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या छंदात रूढ असलेला हिशेब सोपा आहे. पंप ताशी जितके लिटर पाणी ढकलतो त्याला टाकीतल्या पाण्याने भागायचे. मऊ प्रवाळ आणि मशरूम नावाचे चपटे प्रवाळ यांना साधारण दहा ते वीस पट, टॉर्च किंवा हॅमरसारख्या मांसल प्रवाळांना वीस ते तीस पट आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कठीण प्रवाळांना चाळीस पट किंवा त्याहून अधिक, असे आकडे सांगितले जातात. भागायचे ते खऱ्या पाण्याने, काचेच्या मापाने नव्हे. माझी टाकी कागदावर ६३ लिटरची आहे. वाळू आणि खडक मांडून झाल्यावर भरताना मी १० लिटरच्या बादल्या मोजल्या, तर त्या पाचच लागल्या. ताशी १,८०० लिटरचा पंप म्हणजे ३६ पट झाले. थोडे जास्तच असले तर बिघडत नाही, अशा समजुतीने मी तो डाव्या काचेला लावला आणि निश्चिंत झालो.

पंपापासून जेमतेम २० सेंटीमीटरवर टॉर्च कोरल होते. त्याचे लांब बोटांसारखे मृदू अवयव एकाच दिशेला, वाऱ्याने लवलेल्या भातासारखे कायम झुकलेले असत, आणि मला ते दृश्य सुंदर वाटत असे. दोन आठवड्यांनी पंपाकडच्या बाजूचे मांस सांगाड्यापासून मागे सरकले आणि खालचे पांढरे, धारदार पडदे उघडे पडले. त्याच वेळी मागच्या खडकाच्या आडोशाला वाळूवर गडद लाल बुळबुळीत थर धरू लागला होता. जीवाणूंच्या त्या थराला पाण्यातले पोषक क्षारही कारण असतात, पण तो नेमका जिथे पाणी साचून राहते तिथेच धरला होता. म्हणजे ३६ पट पाणी फिरणाऱ्या त्याच टाकीत एका जागी प्रवाह अति होता आणि दोन वीत अंतरावर जवळजवळ नव्हताच.

तेव्हा मी कागद घेऊन बसलो. ताशी १,८०० लिटर म्हणजे सेकंदाला ५०० घन सेंटीमीटर. टाकीचा आडवा छेद ३० सेंटीमीटर रुंद आणि पाण्याच्या उंचीइतका, म्हणजे ३२ सेंटीमीटर उंच, एकूण ९६० चौरस सेंटीमीटर. पाणी त्या संपूर्ण छेदातून सारखे वाहिले असते तर त्याचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटीमीटर भरला असता. प्रत्यक्षात पंप अरुंद झोत सोडतो, तो झोत बाजूचे पाणी ओढून घेतो, मधोमध जोर राहतो आणि कोपरे कोरडे राहावेत तसे राहतात. शिवाय हेच ३६ पट १५० सेंटीमीटर लांबीच्या टाकीत असते तर हा सरासरी वेग अडीचपट झाला असता. मोठ्या टाक्यांच्या अनुभवावरून आलेला पटींचा आकडा छोट्या टाकीला जसाच्या तसा लावता येत नाही, तो याचमुळे. छोट्या टाकीची खरी अडचण पाणी कमी पडण्याची नसते. झोताला पसरून मंदावण्याइतकी जागाच तिथे नसते.

प्रवाळाला पटींशी काही देणेघेणे नाही. त्याला त्याच्या अंगावरून जाणारे पाणी कळते. त्याच्या पृष्ठभागाला लगटून पाण्याचा एक अतिशय पातळ, जवळपास स्थिर थर असतो. प्राणवायू, कार्बन आणि पोषकद्रव्ये यांची ये-जा त्या थरातूनच होते आणि प्रवाह वाढला की तो थर पातळ होतो. दिवसा प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल इतका प्राणवायू तयार करते की तो वाहून नेणारे पाणी नसेल तर प्रकाशसंश्लेषणच मंदावते. माझ्या मऊ प्रवाळांपैकी लेदर कोरलने हे मला जवळून दाखवले. ते मधूनच मिटून घेते, अंगावर मेणचट, चकचकीत पापुद्रा येतो आणि चार-पाच दिवस ते मेल्यासारखे दिसते. अंगावरून पाणी हेलकावत असेल तर पापुद्र्याच्या चिंध्या होऊन तो निघून जातो आणि खालून ताजी गादी उमलते.

हेलकावत हा शब्द मी जाणून वापरला आहे. माझे लहानपण मालवणात गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात तोंड बुडवून प्रवाळ पाहताना अंगाला जाणवते ती ओढ कधीच एकमार्गी नसते. लाट आपल्याला तटाकडे नेते, क्षणभर थांबवते आणि परत आणते. टाकीत साधायचे ते हेच आहे. (भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, किनाऱ्यावरचा तुकडासुद्धा उचलून घरी आणू नये. माझ्याकडचे सारे प्रवाळ इथल्या हौशी लोकांच्या टाक्यांत वाढलेल्या वसाहतींचे तुकडे आहेत.)

मग मी पंपाचे तोंड प्रवाळाकडून वळवून समोरच्या लांब काचेकडे, किंचित वर केले, म्हणजे झोत काचेवर फुटून विस्कळीत होऊन परततो आणि पृष्ठभागही हलता राहतो. हवेशी देवाणघेवाण होण्यासाठी ती हालचाल आवश्यकच असते. मागच्या आडोशासाठी उजवीकडे ताशी ९०० लिटरचा दुसरा पंप वेगळ्या उंचीवर लावला. पाठीमागे टांगलेला ताशी ४०० लिटरचा फिल्टर धरला तर बेरीज ३,१०० लिटर, म्हणजे ६२ पट होते. आकडा बराच वाढला, आणि टॉर्च कोरल मात्र पूर्वीपेक्षा शांत आहे. दाण्याएवढा खाद्याचा कण सोडून, काचेला पट्टी चिकटवून, मोबाइलच्या चित्रफितीत मी वेग मोजला. पूर्वी टॉर्चपाशी ३० सेंटीमीटर अंतर तो कण दोन सेकंदांत कापत असे. आता तिथे त्याला पाच-सहा सेकंद लागतात, आणि तोही सरळ न जाता घुटमळत, मागे-पुढे होत जातो. मांस पुन्हा कडेपर्यंत यायला चार महिने लागले.

पंप विकत घेताना पटींचा हिशेब उपयोगी आहे, पण शक्य तर रुंद तोंडाचा, पंख्यासारख्या पात्यांचा आणि वेग कमी-जास्त करता येणारा पंप घ्यावा. तितकेच पाणी तो मऊपणे ढकलतो. लावल्यावर महिनाभर प्रवाळ पाहावेत. अवयव सतत एकाच बाजूला पडत असतील, वाळूत खड्डा पडून तळ दिसत असेल किंवा मासे एका कोपऱ्यात जीव मुठीत धरून असतील, तर पंपाची दिशा आधी बदलावी, जोर नंतर. खाऊ घालताना मी दोन्ही पंप दहा मिनिटे बंद ठेवतो, म्हणजे टॉर्चला मायसिस या कोळंबीसारख्या बारीक जिवाचा घास धरून तोंडापर्यंत नेता येतो.

गेल्या महिन्यात तशाच कणाला आठ सेकंद लागू लागले. पंप काढून पाहिला तर पात्यांवर जांभळट चुनखडीचे शैवाल घट्ट बसले होते. तासभर पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून, जुन्या दातघासणीने खरवडून आणि धुऊन तो पुन्हा लावला, आणि संध्याकाळी पट्टीवर पुन्हा सहा सेकंद भरले.