हेडर चिकटेना: रुंद टेबल स्क्रोल करण्याचा माझा अनुभव

अ‍ॅडमिन पॅनलमधल्या (वेबसाइटचं कामकाज सांभाळणाऱ्यांच्या पडद्यावरच्या) रुंद टेबलाच्या मागण्या ऐकायला साध्या असतात. पंचवीस-तीस कॉलम आहेत, तर टेबल आडवं सरकावं. खाली गेलं तरी हेडरची ओळ दिसत राहावी. उजवीकडे गेलं तरी पहिला कॉलम, म्हणजे ऑर्डर क्रमांक किंवा नाव, जागेवर राहावा. यातली कुठलीही एक मागणी सीएसएसच्या (वेबपानाची मांडणी आणि रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) दोन-तीन ओळींत पुरी होते. पहिली आणि दुसरी एकत्र आली की सगळं अडतं, आणि का अडलं हे ब्राउझर सांगत नाही. माझा राग आहे तो या न सांगण्यावर.

सुरुवातीचा भाग चटकन उरकतो. टेबलाभोवती एक डिव्ह (साधा आवरणाचा घटक) घालायचा, त्याला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ द्यायचं, म्हणजे न मावणारा भाग त्याच्या आत आडवा सरकतो. टेबलाला ‘विड्थ: मॅक्स-कंटेंट’ आणि ‘मिन-विड्थ: १००%’ द्यायचं, म्हणजे कॉलम कमी असतील तर टेबल जागा भरून काढतं आणि जास्त असतील तर चेपलं जात नाही. काही जण वेगळा डिव्ह नको म्हणून टेबललाच ‘डिस्प्ले: ब्लॉक’ करतात. तसं करू नका. कॉलम रुंदीभर पसरत नाहीत, आणि काही ब्राउझरांत स्क्रीन रीडरला (पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते टेबल आहे हेच कळेनासं होतं.

एवढं करूनही डिव्हऐवजी अख्खं पानच आडवं सरकत असेल, तर दोष टेबलाचा नसतो. डावीकडे मेन्यू आणि उजवीकडे मजकूर अशी मांडणी फ्लेक्सने (घटक एका रांगेत बसवणाऱ्या सीएसएस पद्धतीने) केलेली असते. फ्लेक्सच्या आतल्या घटकाची किमान रुंदी मुळात ‘ऑटो’ असते, म्हणजे आतल्या मजकुरापेक्षा तो लहान व्हायला तयार नसतो. मजकुराच्या भागाला ‘मिन-विड्थ: ०’ दिलं की प्रश्न मिटतो. मांडणी ग्रिडची (ओळी-कॉलमांच्या चौकटीची) असेल तर ‘१एफआर’च्या जागी ‘मिनमॅक्स(०, १एफआर)’ लिहायचं. टेबल फील्डसेटच्या (फॉर्ममधल्या रकान्यांचा गट करणाऱ्या घटकाच्या) आत असेल तर त्यालाही ‘मिन-विड्थ: ०’ लागतं. त्याचा हट्ट ब्राउझरच्या मूळ स्टाइलमधूनच आलेला असतो.

आता खरा गुंता. हेडरच्या टीएचना (शीर्षकाच्या सेलना) ‘पोझिशन: स्टिकी’ (म्हणजे सरकवताना कडेला चिकटून राहा) आणि ‘टॉप: ०’ दिलं. पान खाली सरकवलं. हेडर वर निघून गेला. डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरच्या तपासणीच्या साधनांत) दोन्ही ओळी शाबूत, कुठेही काट मारलेली नाही, कन्सोलमध्ये (त्यातल्या संदेशांच्या खिडकीत) इशारा नाही. मग झेड-इंडेक्स (कोणता घटक वर दिसावा तो क्रमांक) वाढवून बघणं, ‘इम्पॉर्टंट’ लावणं, स्टिकी टीएचवरून काढून टीहेडवर (हेडरच्या अख्ख्या गटावर) देणं असे उपाय सुरू होतात. झेड-इंडेक्सचा याच्याशी काही संबंध नाही. टीहेडचा होता, पण तो जुना. क्रोममध्ये टीहेड आणि टीआरवर (ओळीवर) स्टिकी चालायला लागलं ते २०२१ सालच्या ९१व्या आवृत्तीपासून. मी अजूनही ते टीएचवरच देतो, कारण तिथे ते आधीपासून चालत आलं आहे.

कारण असं आहे. स्टिकी घटक पानाला चिकटत नाही. तो स्वतःला वेढणाऱ्या वरच्या घटकांपैकी सगळ्यात जवळच्या स्क्रोल कंटेनरला (ज्याच्या आत मजकूर सरकू शकतो अशा आवरणाला) चिकटतो. आणि सीएसएसचा नियम आहे की एका दिशेचा ओव्हरफ्लो ‘ऑटो’, ‘स्क्रोल’ किंवा ‘हिडन’ केला, की दुसऱ्या दिशेचं ‘व्हिजिबल’ आपोआप ‘ऑटो’ होतं. आपण फक्त आडवं स्क्रोल मागितलं, पण तो डिव्ह उभ्या दिशेनेही स्क्रोल कंटेनर झाला. त्याच्या उंचीवर बंधन नसल्यामुळे तो टेबलाइतकाच उंच असतो, म्हणजे त्याच्या आत उभं सरकण्यासारखं काही नसतं. हेडर इमानदारीने त्या डिव्हच्या वरच्या कडेला चिकटलेलाच असतो. डिव्हच सगळ्यासकट पानाबरोबर वर जातो. स्टिकी बिघडलेलं नसतं, ते भलत्याच ठिकाणी चोख काम करत असतं.

‘ओव्हरफ्लो-वाय: व्हिजिबल’ मुद्दाम लिहून उपयोग नाही. डेव्हटूल्समधला कॉम्प्युटेड टॅब (शेवटी लागू झालेल्या किमती दाखवणारा) उघडा, तिथे ‘ऑटो’ दिसेल. ‘क्लिप’ ही नवी किंमत स्क्रोल कंटेनर बनवत नाही, म्हणून अनेकांना वाटतं की उभ्या दिशेला ‘क्लिप’ दिलं की सुटलो. पण आडव्या दिशेला ‘ऑटो’ असताना उभ्या दिशेचं ‘क्लिप’ बदलून ‘हिडन’ होतं, आणि ‘हिडन’सुद्धा स्क्रोल कंटेनरच. ‘क्लिप’ कामाला येतं ते दुसरीकडे. वरच्या एखाद्या आवरणाने केवळ गोल कोपरे कापायला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ दिलेलं असतं, तिथे ते बदलून ‘क्लिप’ करा. कार्डाच्या कोपऱ्यांपायी मेलेले स्टिकी हेडर हा फार सर्रास प्रकार आहे.

आड येणारा घटक कोणता हे शोधायची सोपी वाट: फायरफॉक्सचा इन्स्पेक्टर स्क्रोल होऊ शकणाऱ्या घटकापुढे ‘स्क्रोल’ अशी चिठ्ठी दाखवतो. मात्र ‘हिडन’वाले त्यात सापडतीलच असं नाही. पक्कं शोधायचं तर कन्सोलमध्ये टीएचपासून सुरू करून एकेक पॅरेंट धरत वर जा आणि प्रत्येकाची कॉम्प्युटेड ओव्हरफ्लो किंमत छापा. ‘व्हिजिबल’ किंवा ‘क्लिप’ सोडून काहीही दिसलं, तर पहिला तोच तुमचा आरोपी.

यातून बाहेर पडायच्या वाटा तीन, आणि तिन्हींची किंमत मोजावी लागते.

पहिली: त्या डिव्हलाच उंचीची मर्यादा घालायची आणि दोन्ही दिशांचं स्क्रोल त्याच्या आत घ्यायचं. अ‍ॅडमिन पॅनलसाठी मी हीच निवडतो. ‘मॅक्स-हाइट’मध्ये ‘कॅल्क(१००डीव्हीएच - २३०पीएक्स)’ असं लिहिता येतं (१००डीव्हीएच म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारी पूर्ण उंची), पण फिल्टरची पट्टी दोन ओळींची झाली की तो २३०चा आकडा खोटा ठरतो. त्यापेक्षा पानाची उंची ‘१००डीव्हीएच’ करा, मजकुराचा भाग उभा फ्लेक्स करा, टेबलाच्या डिव्हला ‘फ्लेक्स: १’, ‘मिन-हाइट: ०’ आणि ‘ओव्हरफ्लो: ऑटो’ द्या. ‘मिन-हाइट: ०’ साखळीतल्या प्रत्येक फ्लेक्स घटकाला लागतं. मधल्या एकालाही नसलं तर डिव्ह पुन्हा टेबलाइतका उंच होतो आणि हेडर पुन्हा पळतो. फायदा असा की आडवा स्क्रोलबार कायम नजरेसमोर राहतो. नाहीतर दोनशे ओळींच्या टेबलात तो दोनशेव्या ओळीखाली असतो. आधी तळाशी जा, मग उजवीकडे सरका, मग पुन्हा वर येऊन हवी ती ओळ शोधा, ही कवायत डेटा भरणाऱ्या माणसाला दिवसभर करावी लागते.

तोटा कमी उंचीवर दिसतो. ७६८ पिक्सेल उंच पडद्यावर ब्राउझरच्या पट्ट्या वगळून समजा ६४० उरले. वापरणाऱ्याने झूम २००% केला की ते ३२० झाले. वरची पट्टी ६०, फिल्टर १२०, खालचे पानांचे आकडे ५०, म्हणजे २३० गेले. उरलेल्या ९० पिक्सेलमध्ये ४०चा हेडर आणि जेमतेम एक ओळ. म्हणून उंचीची मीडिया क्वेरी (पडद्याच्या मापानुसार लागू होणारी अट) हवीच: ५०० पिक्सेलखाली उंचीचं बंधन काढून टाका, हेडर चिकटला नाही तरी चालेल. हे तपासायला वेगळं यंत्र लागत नाही, झूम वाढवला की कळतं.

दुसरी वाट: हेडरचं वेगळं टेबल करायचं, ते पानाला स्टिकी ठेवायचं आणि जावास्क्रिप्टने दोघांचं ‘स्क्रोललेफ्ट’ (किती उजवीकडे सरकलं तो आकडा) जुळवायचं. यात दोन टेबलांच्या कॉलमची रुंदी तंतोतंत जुळावी लागते, म्हणजे ‘टेबल-लेआउट: फिक्स्ड’ आणि दोन्हींकडे सारखाच कोलग्रुप (कॉलमच्या रुंदी ठरवणारा भाग). तरीही जोरात सरकवलं की हेडर किंचित मागे राहतो, कारण ब्राउझर आधी पडदा सरकवतो आणि स्क्रोलची घटना स्क्रिप्टला नंतर कळवतो. शिवाय स्क्रीन रीडरला खरं हेडर मूळ टेबलातच लागतं, म्हणून दिसणारी प्रत ‘एरिया-हिडन’ (स्क्रीन रीडरपासून लपवलेली) करायची. पण त्या प्रतीत सॉर्टची बटणं असतील तर तसं करता येत नाही, कारण फोकस घेणारी (कीबोर्डने निवडता येणारी) गोष्ट ‘एरिया-हिडन’च्या आत ठेवणं चूक. पान उभं मोकळं सरकलंच पाहिजे असा आग्रह असेल तरच या वाटेला जा.

तिसरी: डिव्हच काढायचा आणि पानालाच दोन्ही दिशांनी सरकू द्यायचं. हेडर ताबडतोब चिकटतो. पण मेन्यू, फिल्टर, शीर्षक सगळं उजवीकडे वाहून जातं आणि त्या प्रत्येकाला ‘लेफ्ट: ०’ देऊन धरून ठेवावं लागतं. नुसता टेबलाचाच पडदा असेल तर ठीक, एरवी नको.

पान मोकळं ठेवून निदान आडवा स्क्रोलबार हाताशी हवा असेल तर एक जोडउपाय आहे. टेबलाच्या डिव्हनंतर, त्याच आवरणात, आणखी एक बारीक डिव्ह ‘पोझिशन: स्टिकी, बॉटम: ०, ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ असा ठेवायचा. त्याच्या आत टेबलाच्या ‘स्क्रोलविड्थ’इतका (लपलेल्या भागासकट पूर्ण रुंदीइतका) रुंद रिकामा घटक, आणि दोघांचं ‘स्क्रोललेफ्ट’ जोडलेलं. रुंदी रिसाइझ-ऑब्झर्व्हरने (माप बदललं की स्क्रिप्टला कळवणाऱ्या सोयीने) ताजी ठेवा, नाहीतर कॉलम लपवल्यावर बार लांबच राहतो. एकाने दुसऱ्याला हलवलं की दुसऱ्याची घटना पहिल्याला पुन्हा हलवते, तेव्हा सध्या हात कुणावर आहे याची नोंद ठेवून उलटी घटना सोडून द्या.

हेडर चिकटला की पुढची कामं बारीक आहेत. ‘बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स’ (शेजारच्या सेलमध्ये एकच सामाईक रेघ) असेल तर सेल चिकटतात पण त्यांच्या रेघा निघून जातात. ‘सेपरेट’ करा, ‘बॉर्डर-स्पेसिंग: ०’ द्या आणि प्रत्येक सेलला फक्त खालची आणि उजवी रेघ द्या. चिकटलेल्या सेलला पूर्ण अपारदर्शक पार्श्वभूमी हवी. एकाआड एक ओळींचा पट्टा किंवा हॉव्हरचा रंग अर्धपारदर्शक ठेवला असेल, तर खालून सरकणारे आकडे त्यातून दिसतात. पहिल्या कॉलमला झेड-इंडेक्स १, हेडरला २, दोन्हींच्या कोपऱ्यातल्या सेलला ३. दोन कॉलम गोठवायचे तर दुसऱ्याचं ‘लेफ्ट’ म्हणजे पहिल्याची प्रत्यक्ष रुंदी, म्हणून पहिल्याची रुंदी ठरावीक ठेवावी लागते. ३६० पिक्सेलच्या फोनवर २०० पिक्सेलचा कॉलम गोठवला तर डेटाला १६० उरतात. तिथे गोठवणं बंदच करा.

ओळीतल्या तीन टिंबांचा मेन्यू स्क्रोल डिव्हच्या कडेला कापला जाणार, हे गृहीत धरा. कारण वरचाच ओव्हरफ्लो, आणि झेड-इंडेक्स इथेही निरुपयोगी. पॉपओव्हर अ‍ॅट्रिब्यूट (वर उघडणाऱ्या चौकटीची ब्राउझरची सोय) वापरलं तर मेन्यू सगळ्यांच्या वरच्या थरात जातो आणि कापला जात नाही. ‘पोझिशन: फिक्स्ड’नेही जमतं, पण वरच्या एखाद्या घटकावर सीएसएसचा ट्रान्सफॉर्म किंवा फिल्टर हा गुणधर्म असेल तर तेही फसतं. कसंही केलंत तरी टेबल सरकल्यावर मेन्यू बंद करा. तो ओळीबरोबर पळवत नेण्यापेक्षा हे बरं.

कीबोर्डवाल्यांसाठी स्क्रोल डिव्हला ‘टॅबइंडेक्स: ०’, ‘रोल: रीजन’ आणि ‘एरिया-लेबल’ द्या, म्हणजे बाणांनी सरकवता येतं. टॅब दाबत मागे येताना फोकस झालेली लिंक गोठलेल्या कॉलमखाली किंवा हेडरखाली लपते. त्याच डिव्हला ‘स्क्रोल-पॅडिंग-टॉप’ हेडरच्या उंचीइतकं आणि ‘स्क्रोल-पॅडिंग-लेफ्ट’ कॉलमच्या रुंदीइतकं द्यायचं. चिकटपट्ट्यांखाली फोकस पूर्ण झाकला जाऊ नये, अशी अट डब्ल्यूसीएजी २.२मध्ये (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत) आहेच.

मॅकवर आणि फोनवर स्क्रोलबार बहुधा लपलेला असतो, त्यामुळे उजवीकडे आणखी कॉलम आहेत हेच कळत नाही. कडेला सावली दाखवा. पार्श्वभूमीतून सावली काढायची युक्ती सेलना स्वतःचा रंग असला की झाकली जाते, म्हणून मी स्क्रोल घटनेवर क्लास लावतो. ‘स्क्रोललेफ्ट’ अधिक ‘क्लायंटविड्थ’ (दिसणारी रुंदी) ही बेरीज ‘स्क्रोलविड्थ’पेक्षा एक पिक्सेलहून जास्त कमी असेल तर उजवी सावली. तो एक पिक्सेल सोडू नका. झूमवर ‘स्क्रोललेफ्ट’ अपूर्णांकात येतं आणि शेवटी पोचूनही सावली जात नाही. ट्रॅकपॅडवर डाव्या टोकाला पोचल्यावर आणखी ढकललं की ब्राउझर मागच्या पानावर जातो, अर्धवट भरलेला फिल्टर गेला. ‘ओव्हरस्क्रोल-बिहेवियर-एक्स: कंटेन’ ही एक ओळ ते थांबवते.

सॉर्ट केल्यावर टेबल पुन्हा डावीकडे उडी मारत असेल, तर स्क्रोल डिव्हच नव्याने बनवला जातो आहे. फक्त टीबॉडी (डेटाच्या ओळींचा गट) बदला, डिव्ह तोच राहू द्या.

छापण्यासाठी प्रिंटच्या मीडिया क्वेरीत ‘ओव्हरफ्लो: व्हिजिबल’, ‘मॅक्स-हाइट: नन’, सेलना ‘पोझिशन: स्टॅटिक’ आणि पान आडवं करा. पहिल्या वाटेने गेला असाल तर पानाची ठरवलेली उंचीही ‘ऑटो’ करा, नाहीतर एका कागदावरच काम संपतं. कागदावर मात्र प्रत्येक पानाच्या डोक्यावर टीहेड ब्राउझर आपणहून छापतो. तिथे स्टिकी लागत नाही.