मेघगर्जना, मोबाईल आणि तेलाची विहीर

गल्लीतले काका अजून विचारतात, "तेलाची विहीर म्हंजे मोठी बोअरच की रं. आधीच भोक हाय, परत कशाला पाडताय?"

आपल्या बोअरला खाली उघडा काळा दगड, पाणी भेगांतनं येतं. तेलविहिरीत मात्र खालपर्यंत पोलादी नळ, म्हणजे केसिंग, आणि त्यामागं सिमेंट. ते फोडल्याशिवाय तेलाच्या थराची आणि विहिरीची गाठ पडत नाही.

जुलै २०२१. मी गुजरातेत मेहसाण्याला होतो. डोलणाऱ्या पंपाची जुनी विहीर, तिच्यात नवा थर उघडायचा होता. मिठाचं पाणी भरून विहीर गप्प केली, पंपाचे २५-२५ फुटी रॉड उपसले, मग ट्युबिंग (तेल वर आणणारी आतली नळी). त्यात दोन दिवस गेले, त्याबद्दल तक्रार नाही.

गन म्हणजे स्फोटकं भरलेली नळी. बार उडाला की धातूची धार केसिंग फोडून खडकात घुसते. बार पेटवणारा डेटोनेटर विजेवरचा, बाहेरच्या विजेनं चुकून उडू शकतो, म्हणून तो जोडण्याआधी सगळ्यांचे मोबाईल पेटीत. पेटीला कुलूप घातलं आणि आभाळ भरून आलं.

आमच्याकडं नियम असा, की शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गनला हात लावायचा नाही. सव्वातीनला घड्याळ लावलं. ३:३५ ला लांब कुठंतरी गुरगुरलं, परत पहिल्यापासून. ४:०२ ला पुन्हा. तीन मिनिटं राहिली होती हो! चौथ्यांदा आवाज आला तेव्हा मी म्हटलं, "साहेब, वो ट्रॅक्टर होगा." साहेबांनी मान वर न करता रजिस्टरमध्ये वेळ लिहिली.

तिकडं कोल्हापुरात पूर. सकाळीच आईनं सांगितलेलं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली. धोक्याची ४३. आमचं घर शुक्रवार पेठेत, आई एकटी. आणि मी पत्र्याखाली चौथा चहा पीत पेटीकडं बघत बसलेलो. नियम बरोबरच आहे, मी स्वतः आता नव्या पोरांना तोच ऐकवतो. पण त्या दिवशी साहेबांचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

नवीन जाणाऱ्यांनी साइट ऑफिसच्या लँडलाइनचा नंबर घरी देऊन ठेवा. मला सुचलं नव्हतं.

सहा वाजून गेल्यावर गन उतरली. २०० फूट खाली जाईपर्यंत केबलला वीज द्यायची नाही. मग केसिंगचे सांधे मोजत खोली जुळवली आणि बार काढला. वर काही ऐकूच येत नाही, केबल जराशी थरथरली, बस्स. रिकामी गन वर आल्यावर पेटी उघडली. ११ मिस्ड कॉल.

"पाणी गल्लीच्या तोंडाला आलंय. मी काकांच्या माडीवर हाय," आई म्हणाली. "तू जेवलास का?"

हां, आणि एक राहिलं. भोकं पाडली की लगेच पंप सोडायची घाई करू नका. आधी तळाचा कचरा काढा, नाहीतर तो पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये बसतो आणि रॉड उपसायचं काम परत पहिल्यापासून.