ढोल्या गणपतीची मागची भिंत

शाळेविषयी लिहा, असं शाळेच्या महोत्सव समितीचं पत्र हातात पडलं आणि दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. शाळेविषयी लिहायचं म्हणजे मला आमच्या चित्रकलेच्या बाईंविषयीच लिहायचं असतं. बाकी गुरुजनांनी राग मानू नये.

आम्ही नववीत असताना मुंबईहून एक चित्रकार आठवडाभर शाळेत आले होते. पटांगणाकडच्या लांब भिंतीवर आपली वाई रंगवायची होती. भिंत खरवडून प्रायमर लावल्यावर त्यांनी गेरूत भिजवलेल्या सुतळीने सूत मारून फूट-फूटभराचे चौकोन पाडले. ताणलेली सुतळी सोडली की टप्प आवाज व्हायचा आणि तांबडी रेघ उमटायची. कृष्णेकाठचे वाईचे सात घाट: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. ज्याची आळी त्याचा घाट, असं ठरलं. मग कोणाचा घाट लांब यावरून जुंपली आणि भांडण थेट घाटाघाटांवर होणाऱ्या कृष्णाबाईच्या, म्हणजे नदीच्या, उत्सवापर्यंत गेलं. मागे पांडवगड, एका कोपऱ्यात मेणवलीची घंटा, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर इकडे आलेली.

माझ्या वाट्याला नदीकाठचं ढोल्या गणपतीचं देऊळ आलं. रोज शाळेत जाता-येता हात जोडायचो, त्यामुळे बघून काढायची गरज वाटली नाही. शिखर काढलं, मागची भिंत सरळ ओढली आणि रंगवूनही टाकली. चित्रकार म्हणाले, "चालेल, लांबून कळत नाही." बाई जवळच उभ्या होत्या. पाहुण्यांसमोर त्या काहीच बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत मात्र म्हणाल्या, "चल रे, सायकल काढ."

देवळामागे नेऊन त्यांनी मला दोन्ही तळवे भिंतीला टेकवायला लावले आणि तसंच कडेकडेने चालायला सांगितलं. चार पावलं गेलो आणि हात वळला. भिंत पुढे निमुळती होत होती, माशासारखी. बाई पायरीवर बसल्या, पिंपळाचं एक पान उचलून त्याची टोकदार घडी केली आणि वाहत्या पाण्यात धरली. पाणी दोन्ही अंगांनी निघून गेलं. मग तेच पान उलगडून आडवं धरलं, तर ते हातातच दुमडलं. "सरदार रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं, तेव्हा पुराचा विचार केला होता. आता तू ठेव नाहीतर पूस, तुझं तू ठरव."

मी पुसली. दुसरा हात द्यायला अंधार पडला. सगळे घरी गेले होते. बाई बॅटरी धरून उभ्या होत्या. त्यांच्या पदराला काळा रंग लागला तो पुढे कधीच निघाला नाही, आणि ती साडी त्या आम्ही दहावी होईपर्यंत नेसत होत्या.

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो. आजवर लहानमोठ्या अकरा पुलांच्या आराखड्यांवर काम केलं. पाण्याच्या तोंडावरचा खांब टोकदार ठेवतात, त्याला आम्ही कटवॉटर म्हणतो. कॉलेजात सरांनी ते फळ्यावर काढलं तेव्हा वर्गात सगळ्यांना नवीन होतं. माझ्या तळव्यांना ते माहीत होतं. हे बाईंना पत्राने कळवायचं कितीदा मनात आलं आणि प्रत्येक वेळी राहून गेलं, याची फार खंत वाटते.

मध्यंतरी शाळेत आलो तर ती भिंत नव्हती. नवी इमारत छान आहे, मुलांना जागा हवीच होती. पण पाडण्याआधी एक फोटो तरी काढून ठेवायला हवा होता, असं राहून राहून वाटतं. कोणाकडे असेल तर कृपया समितीकडे द्यावा.

बाई अजून गंगापुरीतच राहतात. गुडघ्यांमुळे बाहेर पडणं होत नाही म्हणतात. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना घरून आणायला माझी गाडी येईल, हे मी समितीला आधीच कळवून ठेवलं आहे. येताना पाच मिनिटं गणपती आळीत थांबणार आहोत.