६० लिटर सोल्यांका

"सोल्यांकाला कृती नसते," आमच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या कुक फ्राऊ के. मला या सूपाबद्दल पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. "शीतघर उघडायचं, काय उरलंय ते बघायचं, मग ठरवायचं." मला ते लगेच पटलं. शिळ्या तिखल्याची चव ताज्याला येत नाही, हे मालवणच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले. उरलेल्या अन्नाला मान देणारी माणसं मला आपली वाटतात. पण फ्राऊ के. यांच्या त्या वाक्यातलं अर्धंच मी ऐकलं होतं. उरलेलं अर्धं ऐकू यायला एका बाईला हॉस्पिटलात रात्र काढावी लागली.

मी केमनित्समध्ये एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कुक आहे. तीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत घ्यायचं व्यवसायशिक्षण, इथेच केलं. आठवड्यातले काही दिवस व्यवसायशाळेत, बाकीचे स्वयंपाकघरात. गेल्या उन्हाळ्यात परीक्षा पास झाले. केमनित्स म्हणजे पूर्व जर्मनीतलं शहर, १९५३ ते १९९० पर्यंत त्याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. फ्राऊ के. १९७९ साली इथल्याच एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये शिकाऊ म्हणून लागल्या. आमच्या स्वयंपाकघरात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, त्याही मला 'तू'च म्हणतात. मला मात्र त्यांना 'तू' म्हणायला जीभ रेटत नाही.

सोल्यांका मूळची रशियन. पूर्व जर्मनीत ती आली आणि इथलीच होऊन गेली. हॉटेल असो, कॅन्टीन असो, शाळेतलं जेवण असो, सोल्यांका असणारच. पश्चिम जर्मनीतून आलेल्या आमच्या एका इंजिनिअरला ती काय असते तेच ठाऊक नव्हतं. आंबट, खारट, किंचित गोड, लालभडक, आणि चमचा उभा राहील इतकी सॉसेज आणि मांसाच्या तुकड्यांनी भरलेली. ज्या गुरुवारी ती असते त्या दिवशी सूपच्या काउंटरपुढे रांग जिन्यापर्यंत जाते.

ती कशी करायची ते सविस्तर सांगते, कारण त्या दिवशी हे सगळं मी अगदी बरोबर केलं होतं.

आधी खारवलेली डुकराची चरबी बारीक चिरून तिचं तूप सुटू द्यायचं. त्यात कांदा. आमच्या २०० वाडग्यांना ६ किलो लागतो, आणि तो घाई न करता परतायचा. मग सॉसेज. यागडवुर्स्ट, सलामीची टोकं, कासलर म्हणजे खारवून धुरावलेलं डुकराचं मांस, सगळ्याचे बोटभर लांब तुकडे. इथे बहुतेक जण चुकतात. सॉसेज आधीच शिजलेलं असतं, म्हणून ते नुसतं रश्श्यात सोडून देतात आणि मग ते रबरासारखं लागतं. ते कडा करपतील-न करपतील इतकं भाजलं पाहिजे, कारण सूपाचा सगळा खमंगपणा त्या कडांत असतो. मग टोमॅटोची पेस्ट, ती कढईच्या तळाला लागेपर्यंत परतायची. लाल रंग उतरून विटकरी झाला की ती तयार. आपल्याकडे वाटण तेल सुटेपर्यंत परततात, तीच खूण. गोड पेप्रिकाची पूड घालताना आच बंद, नाहीतर ती क्षणात कडू होते. मग स्टॉक, तमालपत्र, मिरी, आणि लेचो, म्हणजे ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा शिजवून बरणीत भरलेलं हंगेरियन प्रकरण.

आणि शेवटी काकड्या. व्हिनेगर, शेपू, मोहरी घालून मुरवलेल्या. श्प्रेवाल्डच्या असतील तर उत्तमच, त्या भागाच्या नावाला १९९९ पासून युरोपीय संघाचं संरक्षण आहे. काकड्यांचे लांबट काप करून घालायचे, आणि बरणीतलं पाणी मुळीच फेकायचं नाही. सूपाला आंबटपणा त्या पाण्यातून येतो, लिंबू फक्त वाढताना वर चकतीपुरतं. हे पाणी सगळ्यात शेवटी, एकेक ओगराळं घालून चाखत जायचं. आधी घातलं तर भाज्या नीट मऊ होत नाहीत, आणि उकळी धरल्यावर आंबटपणाचा अंदाज चुकतो. आमसुलाचं सार करणाऱ्या घरातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आंबट कुठे थांबलं पाहिजे ते माझ्या जिभेला कळतं. स्वयंपाकघरात मी परकी नाही असं मला पहिल्यांदा वाटलं, ते या पाण्यामुळे.

वाढताना वर श्मांडचा एक गोळा. श्मांड म्हणजे घट्ट आंबट साय, आमची २४ टक्के स्निग्धांशाची. पातळ साय गरम आंबट सूपात फाटते, ही फाटत नाही. श्मांड काउंटरवर वेगळ्या भांड्यात असते, ज्याला हवी त्याने घ्यायची. पुढच्या गोष्टीत हे महत्त्वाचं आहे.

पॅकिंग विभागातल्या एक बाई दर सोल्यांकाच्या गुरुवारी यायच्या आणि म्हणायच्या, "श्मांड नको." त्यांना दुधाची ॲलर्जी आहे. दूध पचत नाही असं नव्हे, दुधातल्या प्रथिनाची खरी ॲलर्जी, आणि पर्समध्ये ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. या दोन गोष्टींतला फरक लोकांना कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, ज्याला मशरूम आवडत नाहीत तोही काउंटरवर "मला ॲलर्जी आहे" म्हणतो. अशी दहा माणसं भेटली की कुकच्या कानाला तो शब्द लागेनासा होतो, आणि त्याची किंमत अकराव्या माणसाला मोजावी लागते. मला याचा फार राग येतो. खोटी ॲलर्जी सांगणाऱ्याला आपण काय करतोय याची कल्पनाच नसते.

डिसेंबर २०१४ पासून इथे सुट्या विकल्या जाणाऱ्या अन्नावरही १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. आमच्याकडे प्रत्येक पदार्थापुढे पाटी असते आणि तिच्यावर अक्षरं. G म्हणजे दूध. सोल्यांकाच्या पाटीवर मोहरी आणि सेलरी कायम, G फक्त श्मांडपुढे. ही पाटी कॉम्प्युटरमधून छापून निघते. आदल्या वेळची.

त्या सप्टेंबरमधल्या गुरुवारी फ्राऊ के. डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि सूप पहिल्यांदा पूर्णपणे माझ्याकडे होतं. सकाळी कासलर मोजलं तर जवळजवळ ३ किलो कमी. पुरवठादाराला फोन करून उपयोग नव्हता. मी शीतघरात गेले. खालच्या फळीवर एका स्टीलच्या भांड्यात भाजलेले ब्राटवुर्स्ट, म्हणजे ग्रिलवर भाजायचे सॉसेज, होते. मंगळवारी संध्याकाळी एका विभागाने निरोपाचं ग्रिल ठेवलं होतं, त्यातले वाढायला बाहेर न गेलेले. वाढलेलं अन्न परत येत नाही, तो नियम आमच्याकडे कोणी मोडत नाही. हे भाजून, झटपट थंड करून, झाकून ठेवलेलं होतं. चिकटपट्टीवर पदार्थाचं नाव, तारीख, वेळ, सही. सगळं नियमाप्रमाणे.

'काय उरलंय ते बघायचं, मग ठरवायचं.' मी ठरवलं. त्यांच्या अर्धचंद्रासारख्या चकत्या केल्या आणि खरपूस भाजल्या. ग्रिलचा धूर त्यांना आधीच लागलेला होता. तेवढी चांगली सोल्यांका मी त्याआधी केली नव्हती आणि नंतरही माझ्या हातून झालेली नाही. शेफनी चमचाभर चाखली, काही न बोलता दुसरा चमचा घेतला. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळालेली मी पाहिलेली नाही.

सव्वाअकराला काउंटर उघडलं. "माल्त्साइट, माल्त्साइट" सुरू झालं. इथे दुपारी ऑफिसात, लिफ्टमध्ये, जिन्यात जो भेटेल तो हेच म्हणतो.

रोजच्या प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना आम्ही डबीत भरून उणे १८ अंशांवर ठेवतो, उद्या कोणी आजारी पडलं तर तपासता यावा म्हणून. डबीवर चिठ्ठी लिहायची असते. अकरा चाळीसला मी ती लिहायला बसले. यागडवुर्स्ट, सलामी, कासलर लिहिलं. ब्राटवुर्स्ट लिहिलं, आणि पेन थांबलं. यागडवुर्स्टमध्ये काय असतं ते मला पाठ आहे, कारण तो डबा आमच्याकडे नेहमी येतो. हे ब्राटवुर्स्ट आमच्या नेहमीच्या पुरवठादाराचे नव्हते. ग्रिलसाठी वेगळे मागवले होते.

मी मागच्या अंगणात पुठ्ठ्यांच्या जाळीकडे पळत गेले. गुरुवार दुपारपर्यंत पुठ्ठा नेत नाहीत, म्हणून खोकं सापडलं. घटकांच्या यादीत जाड अक्षरांत मिल्खआयवाइस. दुधाचं प्रथिन.

काउंटरपर्यंत मी कशी पोचले ते आठवत नाही. सहकाऱ्याच्या हातातलं ओगराळं मी काढून घेतलं एवढं आठवतं. साधारण ६०-७० वाडगे गेले होते. मी टेबलांवरून नजर फिरवली. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. वाडग्याशेजारी पावाचा तुकडा, हातात चमचा नव्हता. त्या हाताच्या पाठीने ओठ पुसत होत्या, पुन्हा पुन्हा.

"यात दूध आहे," मी म्हटलं. जर्मनमध्ये यापेक्षा मोठं वाक्य त्या क्षणी मला जुळवता आलं नाही.

त्यांनी पर्स उघडली, इंजेक्शन काढलं आणि पँटवरूनच मांडीला लावलं. इतक्या शांतपणे, की शेजारच्या टेबलावरच्यांना काही कळलंसुद्धा नाही. मग म्हणाल्या, "११२." इथला तातडीच्या मदतीचा नंबर. कारखान्याचा प्रथमोपचारवाला आला, त्याने त्यांना जमिनीवर निजवलं, पाय उंच केले. मानेवर लाल चट्टे उठत होते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसून होते, हातात तो खोक्याचा तुकडा. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं तेव्हा तो मी त्यांच्या हातात दिला. इतकाच माझा उपयोग झाला. त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्या बऱ्या आहेत.

माझ्यावर कोणी ओरडलं नाही. शेफनी उरलेलं सूप ओतून द्यायला लावलं, जवळजवळ ४० लिटर, आणि मलाच ओतायला लावलं. ते योग्य होतं असं मला वाटतं. पण नंतरच्या बैठकीत सगळा दोष 'शिळ्या मालाच्या वापरा'वर ढकलला गेला, ते मला आजही पटलेलं नाही. माल चांगलाच होता. नेहमीपेक्षा वेगळ्या पुरवठादाराची ऑर्डर कॉम्प्युटरमध्ये आहे, पण ती स्वयंपाकघरातल्या कोणाला दिसत नाही. पाटी आदल्या वेळची छापून निघते. कुकने घटक बदलला तर पाटी बदलायला कोण सांगणार, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि या सगळ्याआधी, पाकीट न बघता मी हात घातला होता. यातला कोणता धागा ओढला तर गाठ सुटते, ते मी अजून शोधते आहे.

शुक्रवारी फ्राऊ के. आल्या. सगळं ऐकून घेतलं. मग मला शीतघरात घेऊन गेल्या आणि आपल्या फळीवरची भांडी दाखवली. प्रत्येक भांड्याच्या कडेला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, आणि चिमट्यात पाकिटावरून कापून घेतलेला घटकांचा कागद. प्रत्येक भांड्याला. एका भांड्यात दोन प्रकार असले तर दोन कागद.

तीन वर्षं मी ते चिमटे बघत होते. मला वाटायचं, ते झाकणाचा प्लास्टिक कागद सरकू नये म्हणून लावतात.

"मंगळवारचं ते भांडं मी भरलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "चिमटा नव्हता ना त्याला? मग माझ्या लेखी ते भांडं तिथे नव्हतंच."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," मी म्हटलं. मला म्हणायचं नव्हतं, पण तोंडून गेलं.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या की त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं, बघून उचललं. त्या काळी कॅन्टीनमध्ये मांस वाया घालवणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून कुठलं टोक कुठून आलं, कधीचं आहे, याचा हिशेब त्यांची मुख्य कुक ठेवायची. ॲलर्जीचे कागद त्यात नंतर आले. कृती नसते याचा अर्थ त्यांच्या लेखी असा होता: जे समोर आहे त्याचं सगळं कूळ आधी माहीत हवं, मगच हात मोकळा. मी फक्त मोकळा हात पाहिला होता.

आता सोल्यांकाला कृती आहे. कॉम्प्युटरमध्ये ती घातली, प्रत्येक घटकाला माल-क्रमांक आहे, उरलेलं काहीही घालायला बंदी आहे. उरलेली टोकं कचऱ्यात जातात. दर आठवड्याला मी ती टाकते आणि दर वेळी हात जड होतो. काकडीचं पाणीसुद्धा मोजून, ३ लिटर. बरणी कधी जास्त आंबट असते, कधी गोडसर, तरी ३ लिटर. मी शेफना लेखी मागणी केली आहे की पुरवठादार बदलला तर ती नोंद स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लागावी, आणि चिमट्यांची पद्धत शीतघरातल्या सगळ्या फळ्यांना लावावी. पहिली मागणी मान्य झाली. दुसरीबद्दल सांगितलं की लाकडी चिमटे स्वच्छतेच्या नियमात बसत नाहीत. मी प्लास्टिकचे आणून दिले आहेत, उत्तर यायचं आहे. फ्राऊ के. जानेवारीत निवृत्त होतात.

त्या बाई दोन आठवड्यांनी परत आल्या, सोल्यांकाच्याच गुरुवारी. मी काउंटरवर होते. मी पुन्हा माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "आज काय काय आहे यात?" मी कागद काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचून दाखवलं. मागे रांग थांबली होती, कोणीतरी घड्याळ बघत होतं. मी एकही शब्द गाळला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "धन्यवाद" म्हणाल्या, आणि पलीकडच्या काउंटरवर जाऊन मसुराचं सूप घेतलं.

तेव्हापासून त्या दर सोल्यांकाच्या गुरुवारी तसंच करतात. विचारतात, मी वाचते, आणि त्या मसुराचं घेतात.