काचबिंदूला झाडपाल्याचं काय नाही काय ओ?

वडगावात आमचं औषधांचं दुकान आहे. मी बी. फार्म. आहे, काउंटरवर बसते, त्यामुळे चिठ्ठीत नसलेले प्रश्नही माझ्याकडेच येतात. त्यातला एक ठरलेला. “वयनी, डोळ्याच्या प्रेशरला झाडपाल्याचं काय नाही काय ओ? हे थेंब म्हंजे जन्माचीच कटकट की.”

आहे की! काचबिंदूवरचे, म्हणजे डोळ्यातला दाब चढतो त्या आजारावरचे, सगळ्यात पहिले थेंब झाडांतूनच आले. ब्राझीलमध्ये जाबोरांडी नावाचं झुडूप आहे. त्याच्या पानांतून १८७५ साली पायलोकार्पिन वेगळं काढलं आणि दोनेक वर्षांत ते काचबिंदूला वापरायला लागले. त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलबारच्या विषारी बीतून काढलेलं फायसोस्टिग्मिनही आलं. तिकडे गुन्हेगार कोण हे ठरवायला ती बी माणसाला खायला घालत. वाचला तर निर्दोष. स्ट्रासबर्गच्या लुडविग लाकर ह्या डॉक्टरांनी १८७६ मध्ये त्याच बीचं औषध काचबिंदूला वापरलं. त्यांना स्वतःलाही हाच आजार होता. पुढे टिमोलॉल हे नवं थेंबांचं औषध येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं, डोळ्यांच्या डॉक्टरांचा भार मुख्यतः ह्या झाडांच्या औषधांवरच होता.

डोळ्यात एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं आणि काळ्या भागाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर जातं. मोरीची जाळी तुंबली की न्हाणीत पाणी चढतं, तसंच इथे होतं. दाब मशीनवर साधारण १० ते २१ च्या (मिलिमीटर पारा) दरम्यान असावा असं धरतात. तो चढला की मागची नस वाळत जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून लख्ख दिसायला लागलं, असं इथे होत नाही. पायलोकार्पिन बाहुली आकसवतं, आतला स्नायू ओढून ती जाळी मोकळी करतं. त्याने कपाळ दुखतं, अंधारात दिसायला त्रास होतो, म्हणून आता ते रोजच्या वापरात फारसं दिसत नाही.

आपल्याकडचं झाड म्हणाल तर माईनमूळ. ज्याच्या मुळांचं लोणचं घालतात तेच. ह्या मुळांतून १९७० च्या दशकात फोर्स्कोलिन सापडलं, तेही मुंबईत, मुलुंडच्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात. शोध चालला होता रक्तदाबाच्या औषधाचा. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की त्याचे थेंब घातल्यावर ससे, माकडं आणि माणसं, तिघांच्याही डोळ्यांचा दाब काही तास उतरतो. हे जाळीला हात लावत नाही, पाणीच कमी तयार होऊ देतं. पुढे बेंगळुरूच्या सामी लॅब्सने १ टक्क्याचे थेंबही आणले. मला ह्या गोष्टीचं कौतुक वाटतं, पण काउंटरवर सांगताना मी जपून सांगते, नाहीतर माणूस सरळ लोणच्याची बरणी काढतो. लोणच्यातलं फोर्स्कोलिन डोळ्यापर्यंत औषधाच्या मापाने पोचत नाही. आणि ऑनलाइन मिळतात त्या फोर्स्कोलिनच्या कॅप्सूल वजन उतरवायला म्हणून विकतात. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनी त्या डॉक्टरांना न विचारता मुळीच घेऊ नयेत.

गांजाबद्दल पोरं हसत हसत विचारतात. खरं आहे ते. १९७१ मध्ये अमेरिकेत मोजलं, ओढल्यावर दाब २५-३० टक्के उतरला. पण असर तीन-चार तासांचा. म्हणजे दिवसरात्र ओढत बसायचं, आणि त्यात रक्तदाब उतरून नसेचा रक्तपुरवठा कमी होतो तो वेगळाच. कायद्याचं तर बोलायलाच नको.

उलटं काम करणारं झाड आपल्या बांधावरच आहे: धोतरा. महादेवाला वाहायला ठीक. त्यातलं अॅट्रोपिन बाहुली मोठी करतं. ज्यांच्या डोळ्यात त्या जाळीजवळचा कोन मुळात अरुंद आहे, त्यांची पाणी बाहेर जायची वाटच त्याने बंद होऊ शकते. मग डोळा ठणकतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. लोक पित्त समजून सोडा पितात आणि रात्र घालवतात. ती रात्र घालवायची नसते, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं असतं.

माझे मामा जांबोटीकडचे. त्यांनी डॉक्टरांचे थेंब सोडून जत्रेतल्या एका स्टॉलवरची ‘शुद्ध वनस्पतींची’ बाटली धरली होती. “बाळ, डोळा कसा गार पडतोय बघ!” गार पडणारच, कापूर होता त्यात. बाटलीवर ना घटक, ना तारीख. पुढच्या तपासणीत १७ चे २९ झालेले. मामांना काहीच जाणवलं नव्हतं, कारण काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात दाब चढलेला कळतच नाही. म्हणून वनस्पती असो की कंपनी, मी एकच विचारते: मशीनवर किती आलं? गार वाटलं, हलकं वाटलं, ह्याला माझ्याकडे हिशेब नाही.

जन्माची कटकट थोडी कमी करता येते. थेंब घातला की डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरून अंगभर जात नाही. दोन बाटल्या असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडायची. टिमोलॉलने दमा वाढू शकतो, म्हणून दमा असलेल्याच्या चिठ्ठीत ते दिसलं तर मी बाटली देण्याआधी डॉक्टरांना फोन लावते. गिऱ्हाईक चिडलं तरी चालेल.

मामा आता परत जुन्या थेंबांवर आहेत. त्यांची दोन्ही पोरं चाळिशी ओलांडलेली, आणि हा आजार घरात चालतो. धाकटा मागच्या आठवड्यात तपासून आला. थोरला म्हणतो, भातकापणी होऊ दे.