शिकार नाही, मग शिकारीचं धनुष्य कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी ‘हौस आहे’ म्हणून मोकळी होते. लिफ्टमध्ये खांद्यावरची लांब पिशवी बघून विचारतात, सोसायटीच्या गणपतीत आरती संपते न संपते तोच विचारतात: ‘शिकार तर करत नाही, मग शिकारीचं लाकडी धनुष्य कशाला?’ आणि त्याच दमात, ‘आम्हाला घ्यायचं झालं तर कुठलं घ्यावं हो? पन्नास पौंडांचं चालेल ना?’ दोन्ही प्रश्न एकाच तोंडातून येतात, याची मला गंमत वाटायची. आता वैताग येतो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याबद्दल मला ऐकवू नका. मारण्याचा नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच धरतात, हे मला माहीत आहे. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, म्हणून दारात राष्ट्रीय उद्यानातलंच येऊरचं जंगल असूनही मी धनुष्य घेऊन बदलापूरकडे मैत्रिणीच्या वाडीत जाते आणि पेंढ्याच्या भाऱ्यांवर बाण मारते. बिबट्याला माझ्यापासून धोका नाही.

दुसरा प्रश्न आधी घेते, तो सोपा आहे. धनुष्यावर लिहिलेले पौंड म्हणजे दोरी २८ इंच ओढीला धरायला लागणारा जोर. माझी ओढ, म्हणजे मी दोरी जितकी मागे आणते ते अंतर, २६ इंच भरते. इंचामागे दोन-अडीच पौंड कमी धरले तर ४५ लिहिलेलं धनुष्य माझ्या हातात जेमतेम ४० चं होतं. तेव्हा आधी आपली ओढ मोजा, मग आकड्यांच्या गप्पा मारा. पूर्ण ताणून, न थरथरता तीन-चार सेकंद धरता येत नसेल तर ते तुमचं धनुष्य नाही, मग ते कितीही देखणं असो.

पौंडांच्याही आधी लाकूड बघा. लक्ष्याकडे असते ती पाठ, तुमच्याकडे असतं ते पोट. पाठीवरचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हवेत. पोटावर केसाएवढ्या बारीक आडव्या सुरकुत्या दिसल्या तर लाकूड आतून दबून मोडायला लागलंय, हात जोडून परत करा. मग कुणाला तरी ताणायला सांगून तुम्ही बाजूने बघा. धनुष्याचे दोन्ही बाहू, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारखे वाकले पाहिजेत. एकाच जागी कोपर फुटल्यासारखं वाकत असेल तर ते एक दिवस तिथेच मोडणार. बांबू असो की धामण झाडाचं लाकूड, नियम तोच. आणि बाण न लावता दोरी ताणून सोडायची नाही. दुकानात नाही, घरी नाही, भाच्याला गंमत दाखवायलाही नाही.

ठाण्याची हवा हे आणखी एक दुखणं. जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की लाकूड मुरत मुरत सतरा-अठरा टक्के पाणी पितं. धनुष्याच्या लाकडाला नऊ-दहा टक्के पुरे असतं. ओलं धनुष्य ताणलं की दोरी उतरवल्यावरही वाकलेलंच राहतं, आणि तो बाक पुढे जात नाही. त्यामुळे पावसाळ्यात माझं धनुष्य दोरी उतरवून आडवं पडलेलं असतं आणि मी चिडचिड करत असते.

धनुष्य-बाणाच्या जुळवणीत लोक सगळ्यात जास्त कंटाळतात, मला तेच आवडतं. मूठ आवळून अंगठा उभा धरला की साधारण जेवढं होतं, तेवढं अंतर धनुष्याची मूठ आणि दोरीमध्ये. कमी असेल तर दोरीला पीळ वाढवायचा. बाणाची खाच दोरीवर जिथे बसते ती खूण, बाण दोरीशी काटकोन करेल त्या जागेपेक्षा अर्धा इंच वर. मग बाणाच्या काठीचा ताठरपणा. दोन खिळे २६ इंचांवर, त्यांवर काठी, मधोमध दोन पौंड म्हणजे ९०७ ग्रॅम वजन टांगायचं आणि काठी किती वाकली ते मोजायचं. २६ ला त्या इंचांनी भागलं की काठीचे पौंड मिळतात. अर्धा इंच वाकली तर ५२. शेवटी एक बाण बिनपिसांचा मारून बघायचा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा तो बाण डावीकडे गेला तर काठी ताठ आहे, टोकाला वजन वाढवा. उजवीकडे गेला तर काठी मऊ. शेपूट वर करून रुतला तर खूण जरा खाली घ्या.

पुठ्ठ्यावर मारायला एवढं कशाला, असं मला ऐकवतात. यावर माझं एक ठेवणीतलं उत्तर होतं: शिकारीच्या धनुष्याला पहिलाच बाण असतो. मागून पाच बाण मारून गुणांची भरपाई करता येत नाही. जवळून, गपचूप, एकदाच. ती शिस्त मला हवी आहे, जनावर नको. हे मी इतक्यांदा म्हटलंय की मला ते खरं वाटायला लागलं होतं.

मुरबाडला, माळशेजच्या बाजूला, माझ्या मामेभावाचं भात आहे. लोंब्या भरल्या की रानडुकरं उतरतात. खातात थोडं, लोळवतात फार. पंचनामा होतो, फोटो काढतात, भरपाईही येते, पण चिखलात गेलेली लोंबी त्या पैशांनी वर येत नाही. त्याचा फोन आला, ‘ताई, एक रात्र ये. तू एवढा नेम धरतेस.’ मी गेले, धनुष्य घरी ठेवून. त्याने रिकामे हात बघितले, काही बोलला नाही.

राखणीच्या माळ्यावर आम्ही दोघं. कोजागिरीच्या आसपासचं चांदणं. मध्यरात्र उलटल्यावर बांधापलीकडे फुरफुर झाली आणि एक मोठं डुक्कर बांधाच्या अलीकडे आलं. एकटंच. वारा त्याच्याकडून आमच्याकडे. ते आडवं उभं राहिलं, पुढचा पाय पुढे टाकलेला, म्हणजे खांद्यामागची फुप्फुसाची जागा मोकळी. साठ फूट, फार तर. हे मी नुसतं बघत नव्हते, हिशेब करत होते. माझी डावी मूठ अर्धी मिटली होती आणि उजव्या हाताची तीन बोटं वाकली होती. मोह झाला. कायदा मला त्या वेळी आठवलाही नाही.

आठवलं ते वेगळंच. माझा बाण सेकंदाला दीडशे फुटांच्या आसपास जातो. साठ फुटांना ०.४ सेकंद. दोरीचा आवाज एका सेकंदाच्या विसाव्या भागात तिथे पोचतो. दोरीला लोकरीचे गोंडे बांधा, जड बाण घ्या, आवाज कमी होईल, संपणार नाही. उरलेल्या वेळात जनावर दचकून खाली दबतं किंवा वळतं, आणि फुप्फुसाकडे निघालेला बाण पोटात जातो. पोटात बाण घेऊन डुक्कर जंगलात शिरतं आणि मरायला तासन्‌तास घेतं. पेंढा दचकत नाही. इतकी वर्षं मी न दचकणाऱ्या गोष्टीवर नेम धरत आले होते.

भावाने पत्र्याचा डबा बडवला, डुक्कर गेलं. मग तो म्हणाला, ‘आणलं असतंस तर?’

‘वनखात्याची लेखी परवानगी लागते.’

‘काढली असती. मग मारलं असतंस?’

मी गप्प. तो खाली उतरत म्हणाला, ‘मग ठेवलंयस कशाला ते?’

तुमचाच प्रश्न. पण तुम्ही लिफ्टमध्ये विचारता, त्याने लोळलेल्या भातात उभं राहून विचारला. त्यानंतर त्याचा फोन माझ्या धाकट्या भावाला येतो, मला नाही.

मी दयाळू आहे असं समजू नका. रविवारी मटणाच्या रांगेत मी असते आणि खाटकाचा हात चुकला तर काय, हा विचार तिथे मनात येत नाही. पूर्वीची मी म्हणेल, ‘शिस्त गं, शिस्त!’ तिला मी विचारते, ज्या बाणावर तुझा भरवसा नाही तो शिकारीच्या मापाने जुळवायचा कशाला? ती म्हणते, भरवसा नाही म्हणूनच जुळवायचा. यावर मला उत्तर सुचत नाही, तिला हरवल्यासारखंही वाटत नाही. मामेभावाचं म्हणणं दोघींपेक्षा सरळ होतं, पण म्हणून बरोबर होतं का, तेही ठाऊक नाही.

तेव्हा शिकारीसाठी हवं असेल तर मला विचारू नका. तरीही घ्यायचंच असेल तर पन्नास विसरा, पंचवीस-तीस पौंडांपासून सुरू करा. पाऊस उघडल्यावर, नोव्हेंबरात या, येताना आपली ओढ मोजून या.