तासांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर डेबियनमध्ये नेताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांची ड्रॉइंगची कामं आम्ही तासाच्या हिशोबाने करतो. एकाच दिवसात तीन-चार पार्ट्यांचं काम हातात असतं, मध्येच कुणाच्या पॅटर्नमध्ये दुरुस्ती निघते. महिनाअखेरीला बिल करताना कुणाचे किती तास ते सांगता यायला हवं. त्यासाठी आम्ही पायथॉनमध्ये लिहिलेलं एक छोटं सॉफ्टवेअर वापरतो. कामाचं नाव टाकलं की घड्याळ सुरू, दुसरं काम घेतलं की पहिलं आपोआप थांबतं, आणि नोंदी आपल्याच मशीनवर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये राहतात. पण डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या सॉफ्टवेअर-संग्रहात ते नव्हतं आणि आमच्याकडची सगळी मशीनं डेबियनवर चालतात. दर मशीनवर सोर्समधून (मूळ कोडमधून) बसवत राहण्यापेक्षा त्याचं पॅकेज, म्हणजे थेट बसवता येणारा गठ्ठा, करून डेबियनलाच द्यायचं ठरवलं.

सुरुवात सोपी असते. ‘हे पॅकेज मी करतोय’ असं सांगणारा आयटीपी (‘इंटेंट टू पॅकेज’) बग डेबियनकडे नोंदवायचा, म्हणजे तेच काम दुसरं कुणी हाती घेत नाही.

खरा कस लागला तो वॅफपाशी. वॅफ ही या सॉफ्टवेअरचं बिल्ड करणारी, म्हणजे सोर्समधून ते बांधून जागेवर बसवणारी स्क्रिप्ट. एडिटरमध्ये उघडली तर वर साधा पायथॉन दिसतो आणि तळाशी न वाचता येणाऱ्या अक्षरांची एक अगडबंब ओळ. वॅफची अख्खी लायब्ररी त्या ओळीत दाबून भरलेली असते आणि स्क्रिप्ट चालवली की ती उलगडते. डेबियनला हे चालत नाही. 1997 पासूनच्या त्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रोग्रॅमसोबत त्याचा सोर्स आलाच पाहिजे, आणि सोर्स म्हणजे माणसाला वाचता, बदलता येईल असा. म्हणून ती लायब्ररी उलगडून वॅफलिबचं फोल्डर उघडं ठेवलं, स्क्रिप्टमधली ती ओळ कापली, टारबॉल (सगळा सोर्स एकत्र बांधलेली फाइल) नव्याने बांधला आणि आवृत्तीच्या आकड्यापुढे ‘डीएफएसजी’, म्हणजे त्या तत्त्वांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, जोडलं. हा काटेकोरपणा मला मनापासून पटतो. निपाणीतल्या एखाद्या दुकानदाराने पॅकेज बसवलं, तर ते त्याच्या मशीनवर रूटच्या, म्हणजे मशीनवर काहीही करू शकणाऱ्या, अधिकाराने बसतं. त्यात कुणालाच वाचता न येणारं काही असू नये.

मग फाइली कुठे ठेवायच्या त्या जागांचा प्रश्न. वॅफ आपणहून सगळं ‘यूएसआर लोकल’ या फोल्डरमध्ये टाकतं, पॅकेजने ते ‘यूएसआर’मध्ये ठेवायचं असतं. प्रोग्रॅमांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या डी-बसच्या सर्व्हिस फाइलमध्ये प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. तो जुना राहिला तर मागे चालणारी सेवा उठतच नाही. सेटिंग्जचे स्कीमा (कोणकोणत्या सेटिंग्ज आहेत ते सांगणाऱ्या फाइली) कंपाइल करण्याचं पाऊलही वगळावं लागतं. ती कंपाइल झालेली फाइल सगळ्या प्रोग्रॅमांची मिळून एकच असते, ती आपल्या पॅकेजमधून न्यायची नाही. पॅकेज बसल्यावर डेबियनचा ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणारी पायरी, ते काम करतो.

एसबिल्ड या साधनाने कोऱ्या वातावरणात बांधल्यावर कंट्रोल फाइलमध्ये, म्हणजे पॅकेजला आणखी काय काय लागतं त्या यादीत, काय राहिलंय ते कळतं. खिडक्या-बटणं दाखवणाऱ्या जीटीकेसारख्या गोष्टी पायथॉनमधून चालू असतानाच मागवल्या जातात, त्यामुळे त्यांची अवलंबित्वं कोड वाचून हाताने लिहिली. बसवून पाहताना मी मराठीत आणि गोकाकच्या सहकाऱ्याने कन्नडमध्ये नोंदी टाकल्या. अहवालात नावं आणि बेरजा जशाच्या तशा आल्या.

सगळ्यात जास्त वेळ कॉपीराइट फाइलने घेतला. कोड जीपीएल 3 या मुक्त परवान्याखाली, पण आयकॉनांचा परवाना वेगळा, आणि भाषांतराच्या फाइलींवर ज्याच्या त्याच्या नावाची, सालाची नोंद. एका आयकॉनवर परवानाच नव्हता. मूळ लेखकाला विचारलं, त्याने लगेच ओळ घालून दिली. पुढे ‘न्यू’ या नव्या पॅकेजांच्या रांगेत तपासणारी मंडळी नेमकं हेच बघतात.

डेबियन डेव्हलपर नसलेल्याला नवं पॅकेज स्वतः अपलोड करता येत नाही, स्पॉन्सर, म्हणजे आपल्या वतीने अपलोड करणारा डेव्हलपर, लागतो. मला भेटलेल्या स्पॉन्सरने पॅकेजचं वर्णनसुद्धा शब्द न् शब्द वाचलं आणि दोनदा परत पाठवलं. दोन्ही वेळा ते आधीपेक्षा चांगलं झालं. ‘न्यू’मधून सुटल्यावर आणखी एक अपलोड लागतं, फक्त सोर्सचं, कारण टेस्टिंगमध्ये (डेबियनची पुढची आवृत्ती जिथे तयार होते तिथे) जाणारं पॅकेज डेबियनच्याच बिल्ड मशीनवर बांधलेलं असावं लागतं. तेही झालं.

आता मराठी भाषांतराची फाइल हातात घेतली आहे. अर्धीअधिक झाली आहे आणि खानापूरची एक मैत्रीण ती तपासून देते आहे. कन्नडचं भाषांतर पुढे न्यायला कुणी तयार असेल तर हवंच आहे.